आदिवासी ज्ञानाचा क्रेडिट अभ्यासक्रम : वाचणार कोण?

प्रतापनगरची :

सप्रेम नमस्कार. मी बडोद्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये भारतीय ज्ञानपरंपरेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याने एकूण क्रेडिटपैकी किमान पाच टक्के क्रेडिट या विषयातून मिळवावीत, यासाठी त्याला प्रोत्साहन द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. आमच्याकडे या पाच टक्क्यांचा अर्थ आजवर योग, वैदिक गणित आणि आयुर्वेदाची तोंडओळख एवढाच लावला गेला. बडोद्याहून शंभर किलोमीटरच्या आत राठवा आणि भिल्लांची गावे आहेत, तिथली मुले आमच्या वर्गात बसतात, आणि तरीही ‘भारतीय ज्ञान’ म्हटले की त्यांच्या आजी-आजोबांना जे येते ते कोणाला आठवत नाही, हे मी एका बैठकीत बोलून गेले. जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम पडते, या न्यायाने दोन क्रेडिटचा, म्हणजे वर्गातल्या तीस तासांचा, अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीची मी आता प्रमुख आहे.

कच्चा मसुदा मी तीन आठवड्यांत केला. पिठोरा (राठवांच्या घरी नवस फेडताना भिंतीवर काढली जाणारी देवांची आणि घोड्यांची चित्रे), वनौषधी, मोहाचे अर्थकारण, बोलीभाषा, हाट आणि होळीचे मेळे असे पाच घटक आणि प्रत्येकाला सहा तास. तो घेऊन मी बडोद्यातल्या प्रतापनगरहून छोटाउदेपूरच्या गाडीने तेजगढला गेले आणि तेथून पुढे एका गावात, पिठोरा लिहिणाऱ्या एका वयस्कर लखाऱ्यांच्या ओसरीवर बसले. समोरच्या भिंतीवर घोड्यांच्या रांगा होत्या. खाली, जिथे पाठ टेकवली जाते तेथपर्यंत, रंग घासून पुसट झाला होता. मी मसुदा गुजरातीत वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि एकच विचारले : ‘पोरे लिहितील, ते ठीक. पण वाचणार कोण?’ मी सांगितले की मूल्यमापन मीच करीन, त्याला पंचवीस गुण ठेवले आहेत. ते काही बोलले नाहीत. चहा आला आणि बोलणे पावसाकडे वळले.

त्या दिवसापासून मसुदा टेबलावर तसाच पडून आहे. आपल्याकडे अशा कामाचा अनुभव असलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते. असा अभ्यासक्रम माझ्यासारख्या बाहेरच्या व्यक्तीने चालवावा का, आणि चालवायचा तर तिचे काम कुठे संपते? तो सक्तीचा असावा की ऐच्छिक? शिवाय एक क्षुल्लक वाटणारी पण रोज आडवी येणारी अडचण आहे. गावातील जाणकारांना मानधन द्यायचे, तर आमच्या लेखाशाखेच्या अर्जात ‘शैक्षणिक पात्रता’ असा रकाना आहे आणि तो रिकामा राहिला तर बिल परत येते.

निवृत्त_मास्तर :

ताई, आपण नव्या वाटेने निघाला आहात असे आपल्याला वाटत असेल, पण बडोद्याला ही वाट जुनी आहे. तिच्यावर लोक कुठे ठेचकाळले तेही ठाऊक आहे.

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले. रंगाई, विणकाम, सुतारकाम ही घराघरांत बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या शाळेत आणावी आणि तिला रसायनशास्त्राची जोड द्यावी, असा तो विचार होता. हेतू मोठा होता, यात शंका नाही. मात्र काय शिकवायचे आणि उत्तीर्ण कोणाला करायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीवर रंगारी क्वचितच बसला. त्याआधी, १८८५ च्या सुमारास, सोनगढकडे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहशाळा निघाली. त्या काळात हे धाडसच होते. तरी ज्ञानाचा प्रवाह बडोद्याकडून जंगलाकडे, असा एकाच दिशेने जायचा. जंगलाकडून बडोद्याला काही यावे, हे कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

तो प्रवाह उलटा वळवण्याचा गंभीर प्रयत्न आपल्याच शहरातून झाला. गणेश देवी यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापकपद सोडले, १९९६ मध्ये ‘भाषा’ संस्था उभी केली आणि पुढे तेजगढला आदिवासी अकादमी काढली. आपण त्या स्टेशनावर उतरलात, म्हणजे अकादमी आपल्याला परिचित असणारच. तेथील ‘वाचा’ हे संग्रहालय मी अनेकदा पाहिले आहे. पुढे भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि त्यात ७८० भाषांची नोंद झाली, त्या कामामागेही हीच दृष्टी होती. भाषेची माहिती भाषा बोलणाऱ्याने लिहावी आणि भाषाशास्त्रज्ञाने त्याला मदत करावी, असा तो क्रम होता. आपल्या मसुद्यात हा क्रम उलटा झालेला आहे. पाच घटक आपण ठरवलेत, तास आपण वाटलेत आणि मग लखाऱ्यांकडे संमती मागायला गेलात. त्यांनी नकार दिला नाही, त्याचे कारण आदिवासी घरात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही.

सहा-सहा तासांची समान वाटणी हीदेखील आपल्या विद्यापीठी मनाची खोड आहे, असे नम्रपणे नोंदवतो. मोहाला सहा तास आणि हाटालाही सहाच, हे कोणत्या मापाने ठरले?

लेखाशाखेतला :

रकान्यापुरते सांगतो. आयोगाच्या २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत औपचारिक पदवीची अट नाही, क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव पुरतो. शासकीय पत्राचा आधार घेऊन एकदाच शैक्षणिक परिषदेत ठराव करून घ्या आणि त्या रकान्यात ‘परंपरागत ज्ञानधारक, ठराव क्रमांक अमुक’ असे लिहा. ठरावाची प्रत बिलाला जोडली की आक्षेप येत नाही. बँक खाते आणि पॅन कार्ड यांचे मात्र आधी विचारा. पॅन नसेल तर कर जास्त कापला जातो आणि मग ज्यांना आपण सन्मानाने बोलावले, त्यांनाच आपण फसवल्यासारखे होते.

प्रेअरीवरचा_बडोदेकर :

माझे बालपण दांडिया बाजारात गेले. गेली काही वर्षे मी कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. इथे हाच विषय मोठ्या प्रमाणावर आणि बऱ्याच चुका करून हाताळला गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इथल्या मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालण्याचे धोरण शंभराहून अधिक वर्षे चालले. त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतील ६२ व्या शिफारशीत मूलनिवासी ज्ञान आणि अध्यापनपद्धती वर्गात कशा आणाव्यात हे शिक्षकांना शिकवण्यासाठी उच्चशिक्षण संस्थांना निधी द्यावा, असे म्हटले आहे. त्यानंतर विद्यापीठांत लगबग उडाली. विनिपेग आणि लेकहेड या विद्यापीठांनी २०१६ पासून प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला या विषयाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला.

सक्तीचे काय झाले, हे आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. अभ्यासक्रम चांगले होते, पण अनिच्छेने बसलेल्या वर्गासमोर उभे राहण्याचा आणि त्यांचे खोचक प्रश्न झेलण्याचा भार मोजक्या मूलनिवासी शिक्षकांवर पडतो, अशी टीका इथे वारंवार होते. वर्गातल्या एकदोन मूलनिवासी विद्यार्थ्यांकडे सगळ्या माना वळतात आणि ते बिचारे आपल्या समाजाचे विनावेतन प्रवक्ते होऊन बसतात. आपल्या वर्गात राठवा मुले आहेत असे आपण लिहिले आहे. पहिली दोन वर्षे तरी अभ्यासक्रम ऐच्छिक ठेवावा, असे माझे मत आहे.

सक्तीपेक्षा जुने आणि मला अधिक भरवशाचे वाटणारे एक उदाहरण आहे. अल्बर्टा प्रांतात ब्लू क्विल्स नावाची निवासी शाळा होती. १९७० मध्ये सरकार ती बंद करून मुले गावच्या सरकारी शाळेत पाठवायला निघाले, तेव्हा पालकांनी शाळेतच ठाण मांडले आणि ती आपल्या ताब्यात घेतली. आज तिथे मूलनिवासींनी चालवलेले विद्यापीठ आहे. आमच्या रेजायना शहरात १९७६ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय आज ‘फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखले जाते. या ठिकाणी ‘समावेश’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही, कारण घर त्यांचेच आहे. बाहेरच्या विद्यापीठांत जिथे बरे काम झाले तिथे नेतृत्व करणाऱ्याने मुख्यतः दारे उघडण्याचे काम केले. म्हणजे निधी मिळवणे, नियमांत फट शोधणे, बैठकीत हट्ट धरणे आणि वर्गात मागच्या बाकावर बसणे.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिगमॉ समाजातील अल्बर्ट मार्शल या ज्येष्ठांनी ‘दोन डोळ्यांनी पाहणे’ अशी एक कल्पना २००४ च्या सुमारास मांडली. एका डोळ्याने मूलनिवासी ज्ञानाचे बळ पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचे, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या हितासाठी वापरावेत. आता ती प्रत्येक अहवालात येते. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक संस्था दुसऱ्या डोळ्याने पहिल्या डोळ्याची तपासणी करतात आणि त्यालाच दोन डोळे म्हणतात.

एक छोटी गोष्ट सांगतो. आमच्या ग्रंथालयात क्री या मूलनिवासी समाजातील एका आजोबांना कथाकथनासाठी बोलवायचे होते. मी आपल्या सवयीने सप्टेंबरची तारीख दिली. त्यांनी शांतपणे सांगितले की त्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. शिवाय विनंती करायला जाताना तंबाखू अर्पण करायची इथे रीत आहे, आणि मी ई-मेल पाठवला होता. कार्यक्रम जानेवारीत झाला. वेळापत्रक बदलायला मला तीन सह्या लागल्या.

वनस्पतीवाली :

वरील सर्वांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि वनौषधी हा आपला दुसरा घटक मला सर्वांत जोखमीचा वाटतो, तोही दोन्ही बाजूंनी.

पहिली बाजू अशी की विद्यार्थी ‘अमुक पाला अमुक रोगावर’ अशी यादी करून आणतात, प्रकल्प म्हणून सादर करतात, आणि एखादा उत्साही शिक्षक ती नियतकालिकात छापतो. ते ज्ञान त्या क्षणी सर्वांचे होते आणि ज्याचे होते त्याच्या हाती काही उरत नाही. केरळातील काणी समाजाचे उदाहरण विद्यार्थ्यांना अवश्य शिकवा. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतात फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांच्या काणी वाटाड्यांनी थकवा घालवणारे एक फळ खायला दिले. त्या आरोग्यपचा वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. संशोधन करणाऱ्या संस्थेने परवान्याची रक्कम आणि स्वामित्वधन यांतील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले आणि त्यासाठी १९९७ मध्ये विश्वस्त निधी स्थापन झाला. जैवविविधता कायदा २००२ चा, म्हणजे हे सारे त्याच्या आधीचे आहे. जगभर त्याचे कौतुक झाले. पण खुद्द काणींमधील काही प्लाथी, म्हणजे त्यांचे परंपरागत वैद्य, नाराज होते. दोघातिघांनी सांगितलेली गोष्ट सगळ्या समाजाची संमती कशी ठरते, असा त्यांचा सवाल होता. माझ्या मते वनौषधींच्या घटकात सहापैकी तीन तास या एकाच गोष्टीला द्यावेत आणि वनस्पतींची यादी करायला लावूच नये.

दुसरी बाजू बोलायला कठीण आहे. आदर दाखवण्याच्या भरात प्रत्येक दावा खरा मानणे हा आदर नव्हे. पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण आधी झाडफुंकीसाठी नेला जातो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर होतो, हे आपल्या भागातही घडते. मण्यार चावल्यावर प्रतिविषाला पर्याय नाही, हे वर्गात स्पष्ट सांगितलेच पाहिजे. ‘वाचणार कोण’ या प्रश्नाला ‘फक्त तेच’ असे उत्तर औषधांच्या बाबतीत मी देऊ शकत नाही.

सातपुडेकर :

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडचा. घरी पावरी बोलतो, मराठी आश्रमशाळेत शिकलो, आणि पदव्युत्तर शिक्षण बडोद्यात झाले. राठवा हे आमचे शेजारी. त्यांचे आणि आमचे सगळे एक नाही, पण बाबा इंद हा देव आम्हांला नवा नाही. आमच्याकडे नवस फेडायला इंदल करतात, कळमाच्या फांद्या आणून रात्र जागवतात.

ताई, लखाऱ्यांनी आपल्याला जो प्रश्न विचारला तो आपण शब्दशः घ्यायला हवा होता. पिठोरा काढत नाहीत, लिहितात, हे आपण स्वतःच लिहिले आहे. मग लिहिलेले वाचावेही लागते. घरात आजारपण आले, गुरे मेली, मूल होईना, की घरधनी नवस बोलतो आणि तो फेडायच्या वेळी पिठोरा लिहिला जातो. कुमारिका शेणाने आणि पांढऱ्या मातीने भिंत सारवतात. रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात. लखारे लिहीत असतात आणि इकडे गाणी चालू असतात. लिहून झाल्यावर बडवा येतो. पंढरपूरच्या बडव्यांशी याचा संबंध जोडू नये, हा आमचा पुजारी. त्याच्या अंगात येते आणि तो भिंतीसमोर उभा राहून एकेक घोडा, एकेक देव ओळखतो. काही राहिले असेल, चुकीच्या जागी असेल, तर तो सांगतो आणि लखाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्ती करावी लागते. तोवर भिंत पुरी झाली असे कोणी मानत नाही.

म्हणजे या विद्येला परीक्षक आहे आणि तो बाहेरून आणावा लागत नाही. आपल्या मसुद्यात लखाऱ्याला जागा आहे, बडव्याला नाही. त्याच्या जागी आपण बसला आहात, पंचवीस गुण घेऊन. त्यांनी हेच विचारले. आणखी एक अडचण मला दिसते. ज्या घरी नवस नाही, त्या भिंतीवर पिठोरा लिहायचा कशासाठी? महाविद्यालयाच्या सभागृहात ड्रॉइंग पेपरवर काढला तर ते चित्र होईल. आज कागदावर आणि कापडावर काढून विकणारे राठवा कलाकार आहेत. त्यात काही वाईट नाही, घर चालते, आणि २०२३ मध्ये परेश राठवा यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हांलाही आनंद झाला. पण तो घटक मग ‘पिठोरा चित्रकला’ म्हणून शिकवा. त्या विधीच्या रात्रीचे नाव त्याला देऊ नका.

वनस्पतीवाली ताईंचे सर्पदंशाचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या चुलत्यांना दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता, म्हणून मी हे वादासाठी म्हणत नाही. फक्त एवढे सांगतो की आमचे जुने जाणकारही सगळे आपल्याला येते असे म्हणत नाहीत. माझी आजी हाडाच्या दुखण्याला पाला लावायची, पण डोळ्याचे काही असले की ‘हे माझे नाही’ म्हणून पलीकडच्या पाड्यावरच्या म्हातारीकडे पाठवायची. कोणाला काय येते आणि कोणाला काय येत नाही, हेसुद्धा ज्ञानच आहे. आमच्या प्राध्यापकांकडून ‘हे माझे नाही’ हे वाक्य मी दोन वर्षांत एकदाही ऐकले नाही.

मोहाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात, आणि ती पहाटे वेचायची असतात. ऊन चढले की गुरे आणि मुंग्या आपल्या आधी पोहोचतात. आपल्या महाविद्यालयात तेव्हा परीक्षांची धांदल असते, आणि त्याच आठवड्यांत राठवा मुले वर्गातून ‘गैरहजर’ असतात, कारण घरी वेचायला माणूस लागतो. हजेरीच्या पंचाहत्तर टक्क्यांत हे दिवस धरले जात नाहीत. मोहाचे अर्थकारण सहा तास वर्गात शिकवायचे आणि मोह वेचणाऱ्याची हजेरी कापायची, हे बरोबर दिसत नाही. त्या पंधरवड्यात मुलांनी घरी राहून फुले वेचावी, किती किलो ओली, वाळून किती उरली, व्यापाऱ्याने काय भाव दिला याची वही ठेवावी, आणि तेच प्रात्यक्षिक धरावे. शहरातल्या मुलांनी त्यांच्यासोबत जावे. पहाटे चारला उठायची तयारी असेल तर.

प्रतापनगरची :

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मध्यंतरी मी पुन्हा त्या गावी जाऊन आले. या वेळी मसुदा नेला नाही.

सातपुडेकरांनी लिहिलेले वाचून मला स्वतःची लाज वाटली, हे मान्य करते. लखाऱ्यांना मी सांगितले की वाचणारे कोण हे मला आता कळले आहे. ते म्हणाले की मग बडव्यांनाच विचारावे लागेल, आणि ते त्यांच्या सवडीने सांगतील. दिवाळीनंतर या, असा निरोप आला. म्हणून या वर्षीच्या मसुद्यातून पिठोरा काढला आहे. समितीतील एका सहकाऱ्यांना ते अजिबात रुचले नाही. पोस्टरवर घोडे घालायचे त्यांनी ठरवून टाकले होते.

वनौषधींच्या जागी काणींचे प्रकरण, जैवविविधता कायदा आणि संमती म्हणजे काय एवढेच ठेवले आहे. वनस्पतीवाली ताई, त्यातले दोन तास आपण घ्यावेत अशी विनंती स्वतंत्रपणे पाठवत आहे. उरलेले सर्वाधिक तास मोहाला गेले. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास लागतात, ते वेचणीच्या पंधरवड्यात सहज भरतात. हजेरीचा प्रश्न मात्र माझ्या हातातला नाही. तो शैक्षणिक परिषदेसमोर ठेवला तेव्हा ‘मग लग्नसराईतही सवलत द्यायची का’ असे विचारले गेले आणि विषय पुढील बैठकीवर ढकलला गेला. मी तो पुन्हा ठेवणार आहे, आणि या वेळी माझ्याबरोबर तृतीय वर्षाची एक राठवा विद्यार्थिनी आपली गेल्या वर्षीची वही घेऊन येणार आहे. तिच्या आईने ती पूर्वीपासूनच ठेवली होती. फुलांचे वजन, व्यापाऱ्याचा भाव आणि मिठाची उधारी, सारे एकाच पानावर आहे.

लेखाशाखेतल्या दादांच्या सूचनेप्रमाणे ठराव मंजूर झाला. रकान्यात काय लिहायचे यावर मात्र लिपिकांनी ‘ज्ञानधारक’ हा शब्द संगणकात मावत नाही असे कळवले आहे. सध्या तिथे ‘इतर’ असे येते.